पहिलीचा वर्ग, वाडीतला

माझ्या धाकट्याचं नाव पहिलीच्या हजेरीपटावर लागलं ते जून २०२० मध्ये. तो वर्गात जाऊन बसला ते डिसेंबर २०२१ मध्ये, तेव्हा तो दुसरीत होता. मधल्या काळात त्याला जे लिहिता-वाचता आलं ते घरात, ओटीवर आणि वाडीत आलं. शिकवणारी मी, बारावी झालेली. त्याची चौथीतली ताई. आणि त्याच्या बाई, ज्या आधी फोनवर भेटत आणि पुढे जमेल तशा पायी येत. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राला लागून आहे. नारळ-सुपारीच्या वाडीवर आमचं घर चालतं. टाळेबंदीतलं शिक्षण म्हटलं की लोकांना लॅपटॉपसमोर बसलेलं मूल आठवतं. आमच्याकडे ते वर्ष वेगळं गेलं, म्हणून हे लिहिते आहे.

टाळेबंदी सुरू झाली तो २५ मार्चचा दिवस गुढीपाडव्याचा होता. अंगणवाडी आधीच बंद झाली होती. थोरलीची तिसरीची परीक्षा झालीच नाही, पहिली ते आठवीची सगळीच मुलं परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. पहिला महिना मुलांना सुट्टीसारखा वाटला. दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागलं होतं, ते सासूबाई मुलांना घेऊन बघत आणि कोण कोणाचा कोण ते समजावत. सुपारी आणि असोले नारळ घरात पडून होते, मुंबईला गाडी जात नव्हती. त्याची काळजी आम्ही दोघं मुलं झोपल्यावर बोलायचो.

मे महिन्यात चाकरमानी परतायला लागले. माझे धाकटे दीर, जाऊ आणि त्यांचा सहावीतला मुलगा नालासोपाऱ्याहून आले. भावजींच्या कंपनीने काम थांबवलं होतं. गावाच्या नियमाप्रमाणे त्यांना १४ दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहावं लागलं. मी दोन वेळा डबा नेऊन फाटकाशी ठेवायची आणि मागे सरायची, मग जाऊ येऊन तो उचलायची. धाकटा माझ्याबरोबर यायचा. चुलत भाऊ वर्गाच्या खिडकीतून हात करायचा, आणि घरी परतताना याचा एकच प्रश्न असायचा, दादा शाळेत राहायला गेला, मग मला का नेत नाही? शाळा त्याने पहिल्यांदा अशी पाहिली, काका झोपतो ती जागा म्हणून. मुलाच्या मनात शाळेची पहिली ओळख काय होते याला महत्त्व आहे असं मला वाटतं, आणि त्या पिढीच्या कितीतरी मुलांची ती अशीच झाली.

ते घरी आले आणि पाठोपाठ ३ जूनला निसर्ग वादळ आलं. ते आमच्याच किनाऱ्यावर चढलं. दुपारी वाऱ्याने जोर धरला तेव्हा आम्ही सगळे माजघरात होतो, मुलं सासूबाईंच्या अंगाला चिकटून. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मोडताना कडाड आवाज होतो. एक मोडली की तिच्या भाराने शेजारची जाते. तो आवाज थांबेचना. संध्याकाळी बाहेर आलो तर वाडीत कुठून आत शिरायचं ते कळेना. शाळेचे पत्रे उडून शेतात पडले होते. वीज गेली ती आमच्याकडे महिना उलटून गेल्यावर आली. फोनही मुके झाले. १५ जूनला नवीन शैक्षणिक वर्ष सुरू झालं, शाळा बंद असली तरी अभ्यास सुरू राहील, असा बाईंचा निरोप आम्हाला मिळाला तो रेंज आल्यावर, बऱ्याच उशिरा.

शिकवायचं असं मी काही ठरवून सुरू केलं नाही. घरात बोलणं एकच होतं, किती झाडं गेली, कर्जाचं काय, नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. मुलं सगळं ऐकत होती. रात्री जरा वारा सुटला की धाकटा उठून बसायचा आणि विचारायचा, "आई, पोफळ पडली का?" त्याच्या हाताला आणि डोक्याला काहीतरी काम हवं होतं.

ते काम त्याच्या बाबांनी दिलं. पंचनाम्यासाठी पडलेल्या झाडांची मोजणी करायची होती. ह्यांनी कोळसा त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, मी झाडाला हात लावला की तू खुणेची रेघ मार. दोघं सकाळी वाडीत शिरायचे. त्याला वीसपर्यंत तोंडपाठ होतं, पण म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. विसाच्या पुढे गेलं की तो गोंधळायचा, पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा. मग सासूबाईंनी तोड काढली. पडलेल्या झावळ्यांचे हीर काढून खराटे बांधायचं काम त्यांनी सुरू केलंच होतं. त्यांनी त्याला हिरांचे तुकडे करून दिले, एका झाडाला एक हीर, दहा झाले की सुतळीने जुडी बांधायची. संध्याकाळी ओटीवर जुड्या मांडायच्या आणि सुटे हीर बाजूला. एक दिवस त्याने स्वतःच सांगितलं, "चार जुड्या आणि सात, म्हणजे सत्तेचाळीस." दशक आणि एकक त्याला त्या दिवशी समजलं. पुढे बाई म्हणाल्या की शाळेतही ते काड्यांच्या गठ्ठ्यांनीच शिकवतात. आमच्याकडे फरक एवढाच होता की प्रत्येक हीर हे आमचं एक पडलेलं झाड होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. तरीही मोजल्यावर त्याची रात्रीची भीती कमी झाली. किती पडली ते कळलं होतं, आणि जी उभी होती तीही त्याने मोजून ठेवली होती.

थोरलीचं गणित मात्र जड गेलं. फळबागांसाठी तेव्हा हेक्टरी ५० हजार रुपये भरपाई जाहीर झाली होती. आमच्याकडच्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. ती चौथीत होती, गुणाकार-भागाकार तिला चांगला यायचा. तिने काकाला विचारून घेतलं की हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे, आणि वहीत मांडलं. गुंठ्याला ५०० रुपये. आमची वाडी १२ गुंठ्यांची, म्हणजे ६ हजार. वही घेऊन ती माझ्याकडे आली, "आई, बरोबर आहे ना?" उत्तर बरोबर होतं. मी तसंच सांगितलं आणि वहीवर बरोबरची खूण केली. त्या वयाच्या मुलीला घराचा आकडा कळू द्यावा की नाही, यावर जाऊबाईंचं आणि माझं मत जुळलं नाही. त्यांना वाटे, मुलांना यातून दूर ठेवावं. मला वाटे, एका छताखाली आठ माणसं असताना लपवलेलं मुलांना कळतंच, फक्त ते अर्धवट आणि भीतीदायक होऊन कळतं. माझं मत आजही तेच आहे.

अक्षरं शिकवायला मला बाईंनी शिकवलं. रेंज गावाबाहेरच्या टेकाडावर मिळायची आणि फोन जनरेटरवाल्याकडे पैसे देऊन चार्ज करून आणावा लागायचा, म्हणून बोलणं थोडक्यात असे. मी अ, आ, इ पासून सुरुवात करणार होते. बाई म्हणाल्या, "तसं नका करू. थोडीच अक्षरं घ्या, पण ज्यांचे लगेच शब्द होतील अशी. न, र, ळ आणि काना घ्या." वाडीत विऱ्यांचा, म्हणजे पोफळीच्या पानांच्या बुडाशी असलेल्या रुंद आवरणांचा, खच पडला होता. वाळलेल्या विरीचा आतला भाग गुळगुळीत असतो, त्यावर कोळशाने मोठं लिहिता येतं. आम्ही एकेका विरीवर एकेक अक्षर लिहिलं. तो त्या अंगणात मांडायचा, जोडायचा, उड्या मारत वाचायचा. 'नार', 'नाळ', 'रान', आणि मग 'नारळ'. हा शब्द जमल्यावर तो पोत्यांवर, व्यापाऱ्याच्या पावतीवर, सगळीकडे तोच शोधत फिरला. ळ लिहायला मात्र फार वेळ लागला. त्याचा हात धरून मी तो गिरवून घ्यायची, आणि फोनवरून हे कधीच होणार नाही हे तेव्हा मला नक्की कळलं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना जुलैमध्ये आल्या, पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रं. मोठ्या मुलांना त्याचा उपयोग झाला असेल. सहा वर्षांच्या मुलाला शिकवणारं माणूस हाताच्या अंतरावर लागतं.

वीज आली तेव्हा घरात फोन एक आणि शिकणारी मुलं तीन. शाळेच्या ग्रुपवर रोज 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या मालिकेचे दुवे येत. व्हिडिओ उघडायचे नाहीत, म्हणून बाई त्यातला मजकूर स्वतःच्या आवाजात वाचून पाठवायच्या. सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून 'टिलीमिली' लागायला लागलं. आमच्या टीव्हीची छत्री वादळात गेली होती, म्हणून मुलं शेजारी जाऊन बघत. त्यात घरातल्या वस्तूंनी करायचे खेळ असत, आणि ते करून बघायला मुलं धावत घरी येत. जाऊबाईंनी इंग्रजी आपल्याकडे घेतलं. आमच्या दोघींचे स्वयंपाकघरात खटके उडत, एवढ्या माणसांत ते होणारच. पण मुलांच्या अभ्यासाच्या वेळी त्या आणि मी कधी भांडलो नाही. दिवाळीनंतर दीर-जाऊ परत गेले तेव्हा धाकट्याला इंग्रजीतले रंग आणि प्राण्यांची नावं येत होती.

बाई प्रत्यक्ष भेटल्या त्या सप्टेंबरात, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर तपासणीला आल्या तेव्हा. हातात तापमान बघायचं यंत्र, तोंडावर मास्क आणि वरून काच. सगळ्यांचा ताप बघून, वहीत नोंद करून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आमचा पहिलीवाला कुठे आहे?" तो दाराआड होता. मग त्यांनी ओटीच्या पायरीवर बसून त्याच्या विऱ्या एकेक वाचून घेतल्या. पुढे त्या आठवड्यातून एकदा देवळाच्या सभामंडपात चार-पाच मुलांना लांब लांब बसवून घेऊ लागल्या. पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ न्यायला पालकांना बोलवत, तेव्हा चुन्याच्या वर्तुळात उभ्या असलेल्या आयांना प्रत्येकीच्या मुलाचा पुढचा अभ्यास सांगत. हे काम कुठे नोंदलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या शाळा १ डिसेंबर २०२१ ला उघडल्या. धाकट्याला वाचता येत होतं, शंभरपर्यंत हिशेब येत होता. मी निर्धास्त होते. बाईंनी बोलावून सांगितलं ते वेगळंच होतं. वर्गाला विचारलेला प्रत्येक प्रश्न तो आपल्यालाच विचारला आहे असं समजून उत्तर देत होता. दुसऱ्याला आधी वही मिळाली की रडत होता. भांडण झालं तर बोलायला पुन्हा सुरुवात कशी करायची हे त्याला येत नव्हतं, कारण घरी नेहमी ताईच माघार घ्यायची. अक्षरं मी देऊ शकले होते. वीस मुलांमधला एक होणं मी कुठून देणार?

त्याच वर्गात अशी मुलं होती ज्यांना एकही अक्षर येत नव्हतं. कोणाची आई पहाटे मासळी घेऊन बाजाराला जाते, कोणाचं घरदार दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं. बाईंनी धाकट्याला कातकरीवाडीतल्या एका मुलाशेजारी बसवलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण मुलांचा घोळका सांभाळणं त्याला येत होतं. खेळात राज्य कोणावर, कोण बाद, कोणाला पुन्हा घ्यायचं, हे तो ठरवायचा आणि सगळे ऐकायचे. जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि काही आठवड्यांनी उघडल्या, तोवर या दोघांची मैत्री पक्की झाली होती. जून २०२२ मध्ये दोघं तिसरीत गेले, वर्गात जेमतेम काही महिने बसून. सुरुवातीला मागच्या इयत्तेची उजळणी करणारा सेतू अभ्यास झाला, त्याचा त्या मुलाला फायदा झाला, पण जोडाक्षरांपाशी तो अडकत होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्या मुलाचे आईवडील नेहमीप्रमाणे भट्टीवर गेले. बाई आधीच त्यांच्या घरी जाऊन बोलून आल्या होत्या, म्हणून त्याला त्यांनी आजीजवळ ठेवलं. संध्याकाळी तो आमच्या ओटीवर यायचा. थोरली तेव्हा सहावीत होती, ती दोघांनाही शिकवायची आणि चुकलं तर पुन्हा लिहायला लावायची. जोडाक्षरांसाठी विरी पुरत नव्हती, म्हणून तिने बाईंकडून जुनी फळी मागून आणली होती.