पोकळ भिंतीचा आधार

आपल्याकडील जुन्या वाड्यांत खुंटी बसविणें हें काम फारसें विचाराचें मानीत नसत. विटांची आणि चुन्याची ती हातभर रुंद भिंत. तींत भोंक पाडून लांकडी गुट्टी ठोकावी, गुट्टींत खिळा मारावा, आणि मग त्यावर छत्री टांगा कीं भरलेली पिशवी टांगा, भिंतीस त्याचें कांहींच वाटत नसे. भिंतीला भरींव अंग असल्यानें आंत शिरलेली वस्तु चोहों बाजूंनीं आवळली जाई. विलायतेंत रॉलिंग्ज नांवाच्या गृहस्थांनीं १९११ च्या सुमारास काढलेली तंतूंची गुट्टी काय, किंवा जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनीं १९५८ सालीं काढलेली नायलॉनची गुट्टी काय, दोहोंचें तत्त्व हेंच. स्क्रू आंत जातो, गुट्टी फुगते, भिंत तिला धरून ठेवते. (आमचा दुकानदार कोणत्याही प्लास्टिकच्या गुट्टीस 'रावल प्लग' म्हणतो, त्यांत रॉलिंग्जसाहेबांचें नांव दडलें आहे, हें त्याच्या गांवींही नसतें.)

अमेरिकेंत मात्र हें शहाणपण अपुरें पडतें. चिरंजीवांच्या न्यू जर्सींतील घरीं आम्ही कांहीं महिने राहिलों, तेव्हां तेथील भिंत बोटांनीं वाजवून पाहण्याचा छंद आम्हांस जडला. रिकाम्या डब्याप्रमाणें ती वाजते. बहुधा १६ इंचांच्या अंतरानें लांकडाचे उभे दांडे, आणि त्यांवर दोन जाड कागदांमध्यें जिप्समचा थर घातलेले अर्धा इंच जाडीचे तक्ते: यालाच तेथें ड्रायवॉल म्हणतात. ऑगस्टीन सॅकेट यांनीं १८९४ सालीं अशा प्रकारच्या तक्त्यांचें पेटंट घेतलें. पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें झपाट्यानें घरें उठूं लागलीं, गिलावा वाळण्याची वाट पाहण्यास कोणास सवड उरली नाहीं, आणि हे तक्ते घरोघर शिरले. त्यांची निंदा करण्याचें कारण नाहीं. जिप्समच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा पाणी असतें. आग लागली असतां त्याची वाफ होऊन जाईपर्यंत मागील लांकडास धग लवकर पोंचत नाहीं. लांकडी घरांच्या देशांत हा गुण थोडाथोडका नव्हे. पण भार धरण्याचा गुण त्यांत बेताचाच. आंत गुट्टी फुगली कीं जिप्समचें पीठ होतें.

शेजारच्या एका मराठी कुटुंबांत पितळी भांड्यांची फळी मध्यरात्रीं खालीं आली. सकाळीं आम्ही पाहिलें, तों स्क्रू वांकले नव्हते, गुट्ट्या तुटल्या नव्हत्या. तक्त्याचे तळहाताएवढे तुकडे घेऊन त्या जशाच्या तशा बाहेर आल्या होत्या. पाकिटावर छापलेलें वजन भांड्यांच्या वजनाहून अधिक होतें, असें ते गृहस्थ पुनःपुन्हां सांगत होते. तें खरेंही असेल. परंतु तसबीर भिंतीला टेकून असते, तिचा भार बहुतेक सरळ खालीं जातो. फळी फूटभर पुढें आलेली असते; तिच्या कडेला ठेवलेला तांब्या तरफेप्रमाणें वरच्या स्क्रूला बाहेर ओढतो. वजन तेंच, ओढ निराळी.

म्हणून पोकळ भिंतींत धरण्याचें काम भिंतीच्या पाठीमागून करावें लागतें. एका प्रकारांत धातूची नळी आंत घालून स्क्रू आवळला कीं नळीचे पाय मागें दुमडून पसरतात. दुसऱ्यांत, ज्याला टॉगल म्हणतात, बोल्टाला स्प्रिंगचे दोन पंख असतात. मिटून आंत सारले कीं पोकळींत उघडतात आणि तक्त्याच्या पाठीवर रुंद टेकतात. भार एका बिंदूवर न राहतां पसरतो, हें त्याचें सारें रहस्य. मात्र टांगावयाची वस्तु बोल्टांत आधीं ओंवून घ्यावी लागते. मागाहून बोल्ट काढला तर पंख आंत गळून पडतात, आणि ते कायमचे भिंतीच्या पोटांत राहतात.

सूनबाईंना भिंतीवर सागवानी देव्हारा लावावयाचा होता. टांक, बाळकृष्ण, समई मिळून तो जड, आणि सायंकाळीं परवचा म्हणावयास नातू बसणार तो नेमका त्याच्या खालीं! चिरंजीव दोन टॉगल घेऊन आले. आम्ही म्हणालों, "टॉगल कॅलेंडराला ठेव, देवांना दांडा शोध." देव्हाऱ्याच्या कड्यांमधील अंतर २० इंच असल्यानें दोन्ही कड्या दांड्यांवर येईनात. शेवटीं लोहचुंबक भिंतीवरून फिरविला. तक्ते ठोकलेले स्क्रू जेथें त्याला धरीत, तेथें दांडा. दोन दांड्यांवर एक आडवी फळी लांब स्क्रूंनीं पक्की केली आणि देव्हारा तिच्यावर बसविला. स्विचाच्या थेट वर व खालीं मात्र भोंक पाडूं दिलें नाहीं, कारण विजेच्या तारा बहुधा तेथूनच उभ्या जातात.

हल्लीं पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत आणि कांहीं ब्लॉकांतही जिप्समच्या आडभिंती येऊं लागल्या आहेत. त्यांच्या आंत बहुधा लांकडाऐवजीं पातळ पत्र्याचे दांडे असतात; त्यांवर जड वस्तु लावावयाची असल्यास भिंत बंद होण्यापूर्वींच सुतारास सांगून आंत लांकडी फळी घालून घ्यावी, आणि ती कोठें घातली तें मोजून वहींत टिपून ठेवावें.