स्टेअरिंग, खांदा आणि भंगारातली मोटर

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही, कारण तिन्ही वीकेंड मी डॅशबोर्डखाली उलटा पडलेलो होतो.

नेहमीच्या वाचकांना माझी गाडी माहीत आहे. माझदा एमएक्स-५, १९९१ची, फक्त ट्रॅकवर पळवायची. घेतली तेव्हा हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग होतं आणि ते सतत गळायचं. पाच वर्षांपूर्वी मी पंप, पट्टा, तेलाची बाटली सगळं काढून टाकलं. वर इथे एक लांबलचक लेखही पाडला, की जड स्टेअरिंगमधूनच रस्ता बोलतो वगैरे. (लेख अजून आहे. शोधू नका.)

मग वयाची ४६ झाली आणि डावा खांदा गोठला. त्यात मी रुंद, चिकट टायर घातलेले. शिवाय पंप काढला तरी रॅक पॉवर स्टेअरिंगचाच राहतो. तो कमी फेऱ्यांत चाकं वळवतो, म्हणजे जोर जास्त लागतो. पाच लॅपनंतर हात वर जाईना. बायको म्हणाली, "गाडी विक, नाहीतर खांदा बदल."

रविवारी बाबांना फोन केला तेव्हा हे सगळं सांगितलं. बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवला, कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाटातून. पॉवर स्टेअरिंग नाही. मी आपलं रस्ता बोलतो वगैरे सुरू केलं, तर म्हणाले, "तुला रस्ता ऐकू येत असंल बाबा. मला खांदाच ऐकू यायचा." पुढे मी काही बोललो नाही. त्यांचा उजवा हात आजही डोक्याच्या वर जात नाही.

तर उपाय. इथे इंग्लंडात एक जुनी जुगाड प्रसिद्ध आहे. २००० ते २००६च्या कोर्साचा स्टेअरिंग कॉलम भंगारवाल्याकडून आणायचा. त्या कॉलमलाच इलेक्ट्रिक मोटर असते. आत एक बारीक टॉर्शन बार असतो. तुम्ही चाक फिरवलं की तो किंचित पिळला जातो, सेन्सर तो पीळ मोजतो आणि मोटर तेवढी मदत करते. ही कल्पना नवी नाही. सुझुकीने १९८८ साली सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीत ती आणली.

आता माझी अडचण. मी वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय, म्हणूनच माझा सॉफ्टवेअरवर विश्वास नाही. मूळ गाडीत ह्या कॉलमला वेग कळतो आणि तो त्याप्रमाणे मदत कमी-जास्त करतो. माझ्या गाडीत तो सिग्नलच नाही. मग एक छोटी डबी जोडायची, जी कॉलमला खोटा वेग सांगते आणि तो वेग तुम्ही नॉब फिरवून ठरवता. म्हणजे चक्क मॉक डेटा! प्रॉडक्शनमध्ये! आणि प्रॉडक्शन म्हणजे ताशी १५० किलोमीटर.

पण विचार केल्यावर कळलं की मी चुकीच्या गोष्टीला घाबरतोय. मोटर मेली तरी दांडा सलग आहे, चाकं वळतातच. खरी भीती जोडाची. दोन गाड्यांचे दांडे कापून एक करायचे, आणि तो जोड सुटला तर कुठलंही सॉफ्टवेअर वाचवत नाही. म्हणून वेल्डिंगला मी हात लावला नाही. गल्लीतल्या निवृत्त फिटर आजोबांनी जोडावर जाड नळी चढवून ते केलं. मोटरचा ब्रॅकेटही दुप्पट जाड केला, कारण मोटर दांड्याला फिरवते तेव्हा स्वतः उलटी फिरायला बघते. विमा कंपनीलाही कळवलं.

मग रिकाम्या पार्किंगमध्ये, वळणावर असतानाच बायकोला मोटरचा फ्यूज काढायला लावला. दहा वेळा. प्रत्येक वेळी स्टेअरिंग एकदम दगड. पण धरता येतं.

बरं झालं. कासल कूमला सातव्या लॅपला, ऐन एसेसमध्ये, मोटर बंद पडली. आधी डावा खांदा ओरडला, मग मी. गाडी मात्र वळली. खाली पिटमध्ये येऊन बघतो तर अर्थिंगची वायर रंगावरच घट्ट बसवलेली! मोटरला जोर लावताना भरपूर करंट लागतो. वायरखाली उघडं लोखंड नसेल तर व्होल्टेज पडतं आणि बिचारा कंट्रोलर शिस्तीत बंद होतो. सॉफ्टवेअर अगदी बरोबर वागलं होतं. वायर मी बसवली होती. पॉलिश पेपरने रंग खरवडला, दहा मिनिटांचं काम.

नॉब आता ट्रॅकवर जेमतेम उघडा ठेवतो. रस्ता पूर्वीइतका स्पष्ट बोलत नाही, खोटं कशाला सांगू. थोडा पुटपुटतो. पण परवा अठरा लॅप झाले आणि संध्याकाळी शर्ट स्वतःचा स्वतः काढला.

बाबांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा एकच प्रश्न आला, "एका हातानं फिरतंय का?"

फिरतंय. आता गुडघा दुखतोय, क्लच जड आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.