मांधात्याच्या बेटावर उन्हाळी मुक्काम

माळव्यातील मराठी घरांत ‘उन्हाळ्याची सुटी’ या शब्दांना कित्येक वर्षे एकच अर्थ होता. तो म्हणजे ‘तिकडे’ जाणे. तिकडे म्हणजे पुणे, सातारा, नाशिक किंवा वऱ्हाड. जेथे आजोबांचे, मामांचे, नाहीतर निदान एखाद्या चुलत आत्याचे घर असे. होळकरांच्या पाठोपाठ इकडे आलेली ही कुटुंबे कैक पिढ्या माळव्यात नांदली, तरी मे महिना आला की त्यांच्या ट्रंका माळ्यावरून खाली येत. तिकडे ‘इंदूरवाले आले’ म्हणून आमचे कौतुक होई, आमच्या बोलण्यातील हिंदी वळणाची चेष्टाही होई, आणि जूनच्या आरंभी लोणच्याच्या बरण्या सांभाळीत आम्ही परतत असू. आता ती वडील मंडळी राहिली नाहीत, वाड्यांच्या सदनिका झाल्या, आणि पाहुण्याला पंधरा दिवस ठेवून घेण्याइतकी जागा व सवड फारशी कोणापाशी उरली नाही. तेव्हा मे महिन्यात जावे तरी कोठे, हा प्रश्न आमच्यासारख्या अनेक घरांत आज उभा आहे.

आमचे गौतमपुरा हे इंदूर जिल्ह्याच्या देपालपूर तहसिलीतील लहानसे गाव. सुभेदार मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने ते वसले. बाहेरच्या जगाला ते ठाऊक आहे ते दिवाळीच्या पाडव्याला होणाऱ्या हिंगोट-युद्धामुळे. त्या संध्याकाळी गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ आणि शेजारच्या रुणजीची ‘कलंगी’ असे दोन पक्ष एकमेकांवर दारू भरलेली जळती फळे फेकतात. वर्षाचे उरलेले दिवस गाव शांत असते. शाळेतील नोकरीत माझी सारी वर्षे येथेच गेली. आम्हां उभयतांनी प्रवास पुष्कळ केले; पण लग्नासाठी, बारशासाठी, कोणाच्या दुखण्यासाठी किंवा तेराव्यासाठी. निमित्तावाचून, केवळ दोघांनी, असे कोठे गेल्याचे चाळीस वर्षांत आठवत नव्हते.

अशात माझा एक पुतण्या पत्नीसह ग्रीसच्या एका बेटावर सुटी घालवून आला. पांढरीशुभ्र घरे, निळे घुमट, खाली एजियन समुद्र, अशी छायाचित्रे त्याने आम्हांला दाखविली. त्यांनी सारे काटकसरीने केले होते, असे तो म्हणाला; तथापि त्या काटकसरीच्या रकमेत आमच्या घराचे छप्पर नवे झाले असते. तो गेल्यावर सौ. म्हणाली, “अहो, बेटावरच जायचं असेल तर मांधात्याला जाऊ की. समुद्र नसला तरी चहूबाजूंनी पाणी आहेच.”

तिचे म्हणणे अगदी यथार्थ होते. ओंकारेश्वराचे देवालय ज्यावर आहे ते मांधाता हे नर्मदेतील बेट आहे. शिवाय ग्रीक लोकांना ही नदी अपरिचित नव्हती. टॉलेमीच्या भूगोलात ती ‘नामादोस’ या नावाने येते. पुराणांतील माहिष्मती नगरी ती हीच, असे पार्जिटर आणि फ्लीट यांचे मत होते. इतर कित्येक विद्वान तो मान महेश्वराला देतात. आम्ही सहा दिवस आणि सात हजार रुपये एवढी मर्यादा ठरविली व मे महिन्यातील एका मंगळवारी निघालो. मंगळवार मुद्दाम निवडला. शनिवार, रविवार आणि सोमवार हे तेथे गर्दीचे दिवस.

पूर्वी हा प्रवास फार सोपा होता. अजमेरहून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी गौतमपुरा रोड स्थानकावर थांबे, आणि तीच गाडी इंदूर, महू, पाताळपाणी, कालाकुंड, बडवाह असे टप्पे घेत नर्मदेचा पूल ओलांडून ओंकारेश्वर रोड स्थानकावर उतरवी. या मार्गासाठी महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इ. स. १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते, तेही एकशेएक वर्षांच्या मुदतीने! रूळ रुंद करण्याच्या कामासाठी महूच्या पुढची ती गाडी २०२३ मध्ये बंद झाली. त्यामुळे आम्ही देपालपूरवरून इंदूर आणि तेथून दुसऱ्या बसने सिमरोल, बडवाह, मोरटक्का असे गेलो. इंदूर ते ओंकारेश्वर हे अंतर ऐंशी किलोमीटरांच्या आतच आहे. घाट उतरताना माळव्याचे पठार संपते आणि निमाडचा प्रदेश लागतो. ज्या रात्रींसाठी माळवा प्रसिद्ध, तो ‘शबे-मालवा’चा गारवा तेथेच मागे राहतो, खाली निमाडचे ऊन वाट पाहत असते.

बसचा थांबा दक्षिण तीरावर आहे. या तीरावर विष्णुपुरी व ब्रह्मपुरी, आणि समोर बेटावर शिवपुरी, अशी क्षेत्राची तीन अंगे मानतात. बेटावर जाण्यास दोन पूल आहेत, नावाही आहेत. आम्ही झुलत्या पुलावरून चालत गेलो. बहुतेक यात्रेकरू सकाळी येतात, रांगेत उभे राहतात, दर्शन घेतात आणि दुपारी उज्जैनच्या वाटेला लागतात. २०२२ मध्ये उज्जैनला महाकाल लोक झाल्यापासून ही वर्दळ फारच वाढली आहे. या घाईत क्षेत्र दिसते, पण बेट दिसत नाही. ते पाहण्यासाठी तेथे निजावे आणि तेथेच उठावे लागते.

आम्ही बेटावरच एका साध्या धर्मशाळेत उतरलो. खोलीत दोन खाटा, एक पंखा, आणि खिडकीतून दिसणारी नर्मदा. पहिल्याच दुपारी वीज गेली. खिडकीतून वरच्या अंगाला ओंकारेश्वर धरणाची भिंत दिसत होती. ५२० मेगावॉट विजेचे ते केंद्र पाहत आम्ही हातपंख्याने वारा घेत बसलो! ज्यांना अधिक सोय हवी त्यांच्यासाठी शेगावच्या श्रीगजानन महाराज संस्थानाचे भक्तनिवास येथे आहे. ते स्वच्छ आहे आणि दरही माफक आहेत. महाराजांची नाव नर्मदेत बुडता बुडता वाचल्याची कथा याच क्षेत्री घडली, हे ‘गजानन विजय’ वाचणाऱ्या घरांना सांगावयास नको.

उन्हाळ्यात बेटावर राहण्याचा नियम एकच : दिवस सूर्याच्या आधी सुरू करावा आणि दहा वाजता मिटावा. पहाटे साडेचारला घाटावर नावाडी, फूलवाल्या बाया आणि आमच्यासारखे दोन-चार रिकामटेकडे, एवढेच असत. पाणी इतके गार की हात घालताच झोप उडे. मात्र नदी पूर्वीसारखी मोकळी राहिलेली नाही. २००७ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटते, तेव्हा पात्र भराभर चढते. आदल्या संध्याकाळी ज्या खडकांवर मुले खेळत होती ते सकाळी दिसत नाहीत. ७ एप्रिल २००५ रोजी वरच्या अंगाला धाराजी येथे इंदिरासागर धरणाचे पाणी अचानक आले आणि अमावास्येच्या स्नानाला जमलेले कित्येक भाविक वाहून गेले. म्हणून येथे भोंगा वाजला की वरच्या पायरीवर यावे. नावाडी सांगेल तेथेच उतरावे. याच ओंकारेश्वर धरणाच्या पाण्यात ज्यांची शेते गेली, त्या घोगलगावच्या लोकांनी २०१२ मध्ये सतरा दिवस पाण्यात उभे राहून आपले गाऱ्हाणे मांडले होते. खिडकीतून शांत दिसणाऱ्या त्या भिंतीमागे एवढे काही साचलेले आहे, हे प्रवाशाने विसरू नये.

बेटाची प्रदक्षिणा सुमारे सात किलोमीटरांची आहे. सौ.चे गुडघे अलीकडे कुरकुर करतात, म्हणून आम्ही ती दोन सकाळींत वाटून घेतली. पहिल्या दिवशी पश्चिमेच्या टोकाला संगमापर्यंत गेलो. बेटाच्या उत्तरेकडील प्रवाहाला येथे कावेरी म्हणतात. ती नर्मदेला मिळूनही तिच्यात विरघळत नाही, वेगळी होऊन पुन्हा येथे भेटते, अशी लोकांची श्रद्धा आहे. संगमाजवळ ऋणमुक्तेश्वराचे लहानसे देऊळ आहे. तेथे हरभऱ्याची डाळ वाहिली म्हणजे माणूस ऋणातून सुटतो, असे मानतात.

मी म्हटले, “मुलीच्या लग्नाचं कर्ज तर मागेच फिटलं. आता डाळ कशाला?”

सौ. म्हणाली, “ते बँकेचं होतं. वाईच्या वन्संनी सतरा उन्हाळे आपल्या पोरांना आंब्याच्या अढीवर बसवलं, ते कुठं फिटलंय?”

मी काही बोललो नाही. वन्सं म्हणजे माझी चुलत बहीण. ती गेल्याला सहा वर्षे झाली. सौ.ने एक मूठ तिच्या नावाने वाहिली आणि एक तिच्या सासूबाईंच्या नावाने. आमच्या उन्हाळ्यांचा खर्च वर्षानुवर्षे कोणीतरी दुसरेच सोसत होते, हे त्या दोन मुठींनी मला जितके स्पष्ट सांगितले, तितके पूर्वी कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या सकाळी पायऱ्या चढून डोंगरमाथ्यावर गेलो. गौरी सोमनाथाच्या मंदिरातील शिवलिंग पुरुषभर उंच, काळेभोर व गुळगुळीत आहे. मामा-भाच्याने मिळूनच त्याला कवेत घ्यावे, असा संकेत आहे. पुढे सिद्धनाथाचे भग्न मंदिर. त्याच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. कोणाची सोंड तुटली आहे, कोणाचा पाय. पण झुंजीचा आवेश अद्याप टिकून आहे. शिखर नाही, पुजाऱ्याची घाई नाही. खांबांच्या सावलीत वानरे बसलेली. आम्ही तेथे तासभर होतो आणि बरोबर आणलेले दाणे-गूळ खाल्ले. याच डोंगरावर २१ सप्टेंबर २०२३ रोजी बालशंकराचार्यांची १०८ फुटी मूर्ती उभी राहिली. आचार्यांना गुरू गोविंदपाद याच क्षेत्री भेटले, अशी परंपरा आहे. मूर्ती भव्य आहेच. पण गुरुशिष्य जेथे भेटले म्हणून दाखवितात ती मंदिराखालची गुहा इतकी लहान आहे, की दोन्ही पाहिल्यावर माझे मन गुहेपाशीच रेंगाळले.

दक्षिण तीरावरील मामलेश्वर चुकवू नये. त्याच्या भिंतींवर संस्कृत स्तोत्रे कोरलेली आहेत; त्यांतील हलायुधाच्या स्तोत्रावर इ. स. १०६३ चा काळ आहे. आपल्या घरी रुद्राच्या जोडीने म्हटले जाणारे शिवमहिम्नही तेथे दगडावर वाचावयास मिळते. पाठ असलेली ओळ दगडावर बोटाने शोधण्यात जी मौज आहे, ती पुस्तकात नाही.

ओंकारेश्वराचे दर्शन आम्ही रोज रात्री घेत असू, कारण तेव्हा गर्दी ओसरते. शयनआरतीनंतर गाभाऱ्यात शेज घालतात, पाळणा ठेवतात आणि शंकर-पार्वतीसाठी चौपट मांडतात. मग दार बंद होते. साऱ्या दिवसाची गाऱ्हाणी ऐकून झाल्यावर देवांनाही दोघांपुरती थोडी सवड लागते, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली तो संसारी असला पाहिजे. आम्ही धर्मशाळेच्या गच्चीवर परतत असू. तेथे रात्री वारा सुटे. बोलायचे पुष्कळ होते आणि घाई नव्हती. तीस वर्षांपूर्वी इंदूरला गाणे शिकण्याची आपली इच्छा होती, हे सौ.ने मला त्या गच्चीवर सांगितले.

आता हिशोब. बसभाडे, खोली, दोन वेळचे साधे जेवण, सकाळचे पोहे, दोनदा नावेतून फेरी आणि देवळांतील दक्षिणा मिळून सहा दिवसांत सात हजारांपैकी तीनशे दहा रुपये उरले. जाणाऱ्यांनी सुती कपडे, टोपी, पाण्याचा लहान माठ किंवा बाटली आणि हातपंखा बरोबर घ्यावा. दुपारी बाहेर पडू नये. नावेचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. आपण नर्मदा परिक्रमेत असाल तर मात्र बेटाचा मोह आवरावा लागेल, कारण परिक्रमावासीने नदी ओलांडावयाची नसते. परिक्रमा पुरी करूनच तो ओंकारेश्वराला जल वाहतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरापासून अशीच एखादी जागा बसच्या दोन तासांवर असेल. पाहुण्यांना दाखविण्यासाठी आपण तेथे दहा वेळा गेलेलो असतो, पण राहिलेलो नसतो. ‘तिकडे’ जाण्याच्या ओढीत ‘इकडे’ आपण पाहुण्यासारखेच वावरलो. अहिल्याबाईंनी घाट बांधले ते नर्मदेकाठी. त्यांची राजधानी महेश्वरही नर्मदेवरच. आपल्या पूर्वजांनी हा मुलूख कधीच आपला मानला होता. आपणही तेथे चार रात्री निजून पाहावे.

उरलेल्या तीनशे दहा रुपयांचे काय करावे, असे मी विचारले. सौ.ने ते एका जुन्या पाकिटात घातले आणि वर लिहिले : ‘महेश्वर’.