वाळूतली वांगी

खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसाला तापी आपलीच वाटते. माझे वडील, अण्णा, शिंदखेडा तालुक्यातून नोकरीसाठी इथे आले. तापी सोबतीला होती, पण काळी जमीन मागे राहिली. निवृत्तीनंतर घरची वांगी लावून भरीत खायचे, एवढीच त्यांची हौस होती.

२००९ साली आम्ही डुमसच्या बाजूला घर घेतले. मागे जेमतेम अर्धा गुंठा मोकळी जागा होती. अण्णांनी मूठभर माती उचलली. ती बोटांतून घरंगळून गेली. ते एवढेच म्हणाले, “हाई वाळू शे, माती नही.”

मी जिद्दीने हातगाडीभर ताजे शेण आणून वाफ्यात मिसळले आणि दुसऱ्याच दिवशी रोपे लावली. कच्च्या शेणाने मुळे भाजली, वाळवीही लागली. उरलेल्या रोपांना युरिया दिला. आठवडाभर ती हिरवीगार दिसली, मग एका जोरदार पावसात खत धुऊन गेले. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्यांनी मागच्या अंगणात जाणे सोडले. मला तेच जास्त लागले.

त्या सुमारास भास्कर सावे यांच्याविषयी वाचले. आपल्या जवळच, वलसाड जिल्ह्यातील देहरी गावी त्यांची ‘कल्पवृक्ष’ ही बाग. ते पूर्वी शाळेत शिक्षक होते. सुरुवातीला त्यांनीही रासायनिक खते वापरली, पुढे ती सोडून नैसर्गिक शेतीकडे वळले. गांडुळांना ते शेतकऱ्याचे मित्र मानत. २०१५ साली ते निवर्तले. त्यांचे वाचून माझी चूक कळली. मी रोपांना खाऊ घालत होतो, जमिनीला नाही.

वाळूचे कण मोठे, मधल्या पोकळ्याही मोठ्या. त्यामुळे पाणी आणि त्यात विरघळलेले खत झटकन खाली जाते. चांगले कुजलेले खत स्पंजासारखे पाणी धरून ठेवते आणि रोपाला अन्न हळूहळू देते. मात्र उष्ण हवेत, रेताड जमिनीत ते लवकर संपते. म्हणून एकदाच ढीगभर देण्यापेक्षा थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे.

मग जूनमध्ये ताग पेरला. फुलावर येताच, साधारण दीड महिन्याने, तो कापून मातीत गाडला आणि कुजायला तीन आठवडे दिले. शेणखत सहा महिने खड्ड्यात मुरवले. लागवडीनंतर दर पंधरवड्याला रोपामागे मूठभर गांडूळखत दिले आणि वाफे पालापाचोळ्याने झाकले.

तिसऱ्या हिवाळ्यात वांगी लागली. अण्णांनी पुन्हा मूठभर माती उचलून दाबली. क्षणभर तिचा गोळा राहिला. त्या रात्री भरीत झाले. “मीठ जरा कमी आहे,” म्हणत त्यांनी दोनदा वाढून घेतले.

विद्यार्थी मित्रांनो, तळाला भोके पाडलेले दोन डबे घ्या. एकात नुसती कोरडी वाळू भरा, दुसऱ्यात कुजलेले खत मिसळलेली. दोन्हींत एकेक पेला पाणी ओता आणि खाली किती गळते ते मोजा. आमच्या अंगणाची सगळी गोष्ट त्या दोन डब्यांत सापडेल.

अण्णा २०१६ साली गेले. वाफ्यात दर जूनला ताग मात्र अजून पेरला जातो.