केवढ्याला?

दोस्तांनो, मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी किती जण मुंबईला जाता? आम्हा रत्नागिरीकरांचं तर एक पाऊल मुंबईतच असतं. घरटी एक तरी काका, मामा नाहीतर आत्या तिकडे असतेच. माझी आत्या गिरगावात राहायची. चाळीतली एक खोली, बाहेर गॅलरी आणि गॅलरीत झोपणारी आम्ही पोरं!

गोष्ट १९९२ सालची. मी नुकताच सातवी पास झालो होतो. आजीच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता, म्हणून बाबा, आजी आणि मी मुंबईला निघालो. कोकण रेल्वे तेव्हा व्हायची होती. ती पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. त्यामुळे आमची स्वारी रात्रीच्या एस.टी.ने. घाटातली वळणं मोजता मोजता मला झोप लागली आणि जाग आली ती थेट मुंबईतच.

आजी इस्पितळात दाखल झाली. दुपारी तिचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे आलं. आत्याने पितळेचा चार पुडांचा डबा हातात दिला आणि बाबांनी दहाची नोट. म्हणाले, "खाऊला ठेव. पण आठ दिवस पुरव हं!"

दहा रुपये! मला वाटलं, आता अख्खी मुंबई आपली.

दुसऱ्याच दिवशी डबा देऊन परत येताना एक काचेच्या दाराचं हॉटेल दिसलं. काचेवर आइस्क्रीमचं हे एवढं मोठं चित्र. दार उघडलं की गार हवेचा झोत यायचा. दोनदा पुढे गेलो, दोनदा मागे आलो. तिसऱ्या वेळी शिरलो आत. पाण्याचा ग्लास आला, कार्ड आलं. कार्डावरचे भाव वाचायचे तर वेटर डोक्यावर उभा! वाचत बसलो तर हा म्हणेल, आलाय कुठल्यातरी गावाहून. म्हणून ऐटीत म्हटलं, "चित्रातलं आइस्क्रीम द्या."

आइस्क्रीम छान होतं. बिल होतं अठरा रुपयांचं.

तुम्हीच सांगा, काय झालं असेल माझं? कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. गल्ल्यावरच्या गृहस्थांना म्हटलं, "बाकीचे उद्या आणून देतो." ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या हातातल्या रिकाम्या डब्याकडे बोट दाखवलं. "हा राहू दे इथे. पैसे आण, डबा ने."

आत्याचा डबा! उद्या आजीचं जेवण कशातून न्यायचं? बाबांना सांगायची हिंमत नव्हती. औषधांच्या चिठ्ठ्या पाहून ते रोज रात्री पाकिटातल्या नोटा दोनदा मोजायचे, ते मी पाहिलं होतं.

शेवटी आतेभावाला, म्हणजे दादाला, जिन्याखाली गाठून सगळं सांगितलं. दादा कॉलेजात होता. पहाटे घरोघरी पेपर टाकून स्वतःचा खर्च भागवायचा. तो हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही. आठ रुपये काढले, माझ्याबरोबर आला आणि डबा सोडवला. बाहेर पडल्यावर म्हणाला, "हे पैसे फेडायचे नाहीत. पण एक अट आहे. आठ दिवस आपण जिथे जाऊ तिथे भाव तू विचारायचा. मोठ्याने, आणि खायच्या आधी."

आणि मग काय विचारता! दादाने मला मुंबई दाखवली, पण राणीचा बाग आणि म्हातारीचा बूट यांतली नव्हे. खिशात चार-पाच रुपये असलेला माणूस जी मुंबई खातो, ती.

सुरुवात कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपासून झाली. "केवढ्याला?" माझा आवाज घशातच अडकला. "मोठ्याने!" दादा म्हणाला. गाडीवाल्याने न वैतागता भाव सांगितला आणि दोन रुपयांच्या आत गरमागरम वडा, पाव आणि लसणाची चटणी हातात पडली. दादरला स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात. गिरणी कामगाराला पाळीवर जाताना उभ्याउभ्या खाता येईल, पोट भरेल आणि खिसाही रिकामा होणार नाही, असं ते खाणं. त्या गिरण्यांत आपल्या कोकणातली माणसं किती होती ठाऊक आहे? घरटी एक चाकरमानी म्हणा ना!

मग धोबीतलावचं कयानी. हे इराणी हॉटेल १९०४ सालचं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांत नानकटाई आणि खारी. इराणहून आलेल्या पारशी धर्माच्या लोकांनी मुंबईत अशी कितीतरी हॉटेलं काढली. पुष्कळशी रस्त्यांच्या कोपऱ्यावर. कोपऱ्याची जागा इतर दुकानदार अशुभ मानायचे, म्हणून ती यांना मिळाली असं सांगतात. मी भाव विचारला आणि आम्ही एक ब्रून मस्का नि दोन चहा घेतले. ब्रून म्हणजे वरून कडक नि आतून मऊ पाव. लोणी लावलेला तो पाव चहात बुडवायचा आणि तुकडा आत पडायच्या आधी तोंडात टाकायचा. माझा पहिला तुकडा चहातच बुडाला! शेजारी एक टॅक्सीवाला बसला होता आणि पलीकडे काळा कोट घातलेले वकीलसाहेब. दोघांच्या पुढ्यात तोच चहा, तोच पाव.

"पण मला आइस्क्रीमच हवं," मी एकदा कुरकुरलो. तेव्हा दादाने चालत चालत चर्चगेटच्या के. रुस्तमकडे नेलं. १९५३ पासूनचं हे दुकान. तिथे आइस्क्रीमची जाड वडी दोन पातळ वेफरच्या मध्ये ठेवून हातात देतात. वाटी नाही, चमचा नाही. "त्या काचेच्या हॉटेलात तू अठरा रुपये कशाचे दिलेस, कळलं?" दादा म्हणाला. "आइस्क्रीमचे थोडे. बाकी गार हवेचे, खुर्चीचे, वेटरचे आणि त्या चित्राचे!" मला हसू आलं. त्या प्रसंगाचं हसू आलं ते पहिल्यांदाच.

परतताना त्याने आत्याची एक गोष्ट सांगितली. आत्या पूर्वी घरीच चार गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालायची. खाणावळवाली म्हणायचे तिला. अशा बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. "स्वस्त जेवण म्हणजे हलकं जेवण नव्हे रे," दादा म्हणाला. "त्यामागे आईसारखीच कुणीतरी पहाटे चारला उठलेली असते."

आठवा दिवस उजाडला. आजीच्या डोळ्यावरची पट्टी निघणार होती. तिला काय न्यावं? दादा आणि मी गिरगावात पणशीकरांकडे गेलो. मी गल्ल्यावर हात टेकून खणखणीत आवाजात विचारलं, "पियूष केवढ्याला?" पियूष माहीत आहे ना? श्रीखंड आणि ताक एकत्र घुसळून त्यात वेलची-जायफळ घातलेलं दाट, गोड पेय. दादाने पैसे दिले आणि आम्ही डब्याचा वरचा पूड भरून घेतला. हो, त्याच डब्याचा!

पट्टी निघाली. आजीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग डब्यात डोकावली. "पिवळं दिसतंय हो!" ती म्हणाली. किती महिन्यांनी तिला रंग असा लख्ख दिसत होता. तिचा तो चेहरा पाहून मला राहवेना. बाबांच्या समोरच मी डब्याची सगळी हकिगत सांगून टाकली. अठरा रुपये, गहाण डबा, दादाचे आठ रुपये, सगळं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, आता बसणार धपाटा. पण ते म्हणाले, "मी पहिल्यांदा नोकरी शोधायला मुंबईत आलो ना, तेव्हा तीन दिवस चणे खाऊन राहिलो. खिशात पैसे होते. पण खाणावळीत शिरून भाव विचारायची लाज वाटायची."

"मला कधी बोलला नाहीस ते," आजी म्हणाली.

"त्याचीही लाजच वाटली," बाबा म्हणाले. मग त्यांनी दादाच्या खिशात दहाची नोट कोंबली. तो नको नको म्हणत राहिला, पण बाबांनी ऐकलं नाही. आणि डब्याच्या झाकणातून आम्ही चौघांनी पियूष वाटून घेतलं.

दोस्तांनो, आज मी रत्नागिरीतच राहतो. माझी मुलगी यंदा बारावी झाली. पुढच्या शिक्षणासाठी ती मुंबईला निघाली आहे. परवा तिच्या मैत्रिणी म्हणत होत्या, "काका, तिला चांगल्या हॉटेलांची यादी करून द्या ना." यादी मी दिली नाही. दुकानं बदलतात, भाव तर रोजच बदलतात. तिला एवढंच सांगितलं की आत शिरायच्या आधी फळा वाच, तिथे कोण कोण बसलंय ते बघ आणि काही कळलं नाही तर विचार.

ती हसून म्हणाली, "बाबा, लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "भाव सांगतील. दुसरं काय म्हणणार?"