भ्रमंतीला एक अंगण

हिवाळ्यातील एखाद्या सकाळी नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडापाशी क्षणभर उभे राहून पाहावे. ब्रिटिश अमदानीत, १९०७ साली, भूमापनाच्या मोहिमेतून उभा राहिलेला हा स्तंभ देशाचा मध्यबिंदू म्हणून ओळखला जातो. थोड्याच अंतरावर रेल्वे स्थानक आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग तेथे एकमेकांना भेटतात. म्हणूनच अनेक निवृत्त दाम्पत्यांच्या मनात येथे एक विचार मूळ धरतो. शहरातले मोठे घर आता कशाला हवे? जवळच्या खेड्यात स्वस्तात एकर-दीड एकर वावर घ्यावे, दोन खोल्या बांधाव्यात आणि वर्षातले सहा-आठ महिने नर्मदातीर, रामेश्वर, द्वारका, हिमालय असे हिंडत राहावे. दमलो की परतायला हक्काचे अंगण असेल.

आपल्याही मनात हा विचार असेल, किंवा आपल्या आईवडिलांनी तो बोलून दाखवला असेल, तर त्याला हसू नये. या भूमीत त्याला मोठी परंपरा आहे.

वर्धा मार्गाने सुमारे ७० किलोमीटर गेले की धाम नदीच्या काठी पवनार लागते. १९३८ साली विनोबा भावे येथे आले ते प्रकृती फार खालावली होती म्हणून. नदीकाठची मोकळी हवा त्यांना मानवली. १९५१ च्या मार्चमध्ये, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, ते येथूनच पायी निघाले. एप्रिलमध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला आणि पुढची तेरा वर्षे ते चालत राहिले. १९६४ मध्ये ते पवनारला परतले, पुन्हा बाहेर पडले आणि १९७० पासून १९८२ मध्ये देह ठेवीपर्यंत येथेच राहिले. तिकडे मोझरीला १९३५ साली गुरुकुंज आश्रम स्थापून तुकडोजी महाराज गावोगाव खंजिरी घेऊन फिरत होते.

पवनारच्या घाटावर बसले की एक गोष्ट ध्यानात येते. विनोबा हिंडत असताना ती जागा ओस पडली नव्हती. १९५९ पासून तेथे ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनी राहत होत्या, शेती करीत होत्या. परतणाऱ्याला दार उघडणारे कोणी तरी तेथे होते. आपण वावर पाहायला निघाल तेव्हा माती आणि भाव यांच्या आधी हेच पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ते का, हे एका घरच्या अनुभवावरून सांगतो.

माझ्या थोरल्या बंधूंनी आणि वहिनींनी निवृत्तीनंतर उमरेडच्या बाजूला एक एकर जमीन घेतली. वडिलोपार्जित शेतीत नाव असल्याने कायद्याची अडचण नव्हती. भाव कमी होता, कारण जमीन डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, पांदणीच्या टोकाला होती. जानेवारीत पाहिली तेव्हा ती पांदण निंबांच्या सावलीतली रम्य वाट वाटली. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये दोघे दक्षिणेतील यात्रा आटोपून परतले. अंगणात गवत कमरेएवढे वाढले होते. दादांनी दोन दिवस स्वतः ते काढले. आठवडाभराने त्यांना थंडी वाजून ताप भरला आणि चौथ्या रात्री ते असंबद्ध बोलू लागले. वहिनींनी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली. ती आलीही, पण काळ्या मातीच्या चिखलामुळे डांबरी रस्त्यावरच थांबली. शेवटी धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर काढला. नागपुरातील डॉक्टरांनी काखेतील लहानशी काळी खपली पाहून, "गवतात गेला होता का?" असे विचारले. तो स्क्रब टायफसचा ताप होता. दादा वाचले. वहिनी मात्र नंतर एवढेच म्हणाल्या, "दोन वर्षे झाली जमीन घेऊन, आणि त्या ट्रॅक्टरवाल्याचे घर कुठे आहे हेही मला ठाऊक नव्हते."

म्हणून जागा पाहायला एकदा हिवाळ्यात, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसाळ्यात जावे. तिन्ही वेळा गाडी कोठपर्यंत पोहोचते ते पाहावे. तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत आणि तेथून नागपूरपर्यंत लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा. काळी कसदार माती कपाशीला उत्तम, पण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बेताच्या पायाचे घर बांधले तर भिंतींना तडे जातात, आणि ओल्या अंगणात पाय घसरून खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. संत्र्याच्या पट्ट्यात, काटोल-नरखेडकडे, बोअर खोल गेले आहेत. तेथे पाण्याची खात्री उन्हाळ्यातच करून घ्यावी आणि पिण्यापूर्वी पाण्याचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर कोळसा खाणी आणि कोराडी-खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे यांच्या परिसरातील स्वस्ताई पत्करू नये.

कागदपत्रांच्या बाबतीत भिडेखातर गप्प राहू नये. महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच घेता येते. विदर्भासाठी १९५८ चा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे, आणि आपण शेतकरी नसाल तर परवानगीवाचून झालेला व्यवहार अडचणीत येतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासी व्यक्तीस पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद असेल, तरीही परवानगीचा प्रश्न येतो. 'फार्महाउस' म्हणून दोन-चार गुंठ्यांचे तुकडे विकणाऱ्यांपासून विशेष सावध राहावे. एका एकरात ४० गुंठे असतात आणि शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यावर तुकडेबंदी कायद्याचे निर्बंध आहेत. या नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून खरेदीच्या वेळी लागू असलेला नियम तहसील कार्यालयातच विचारावा. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि 'इतर हक्क' हा रकाना वकिलाकडून तपासून घ्यावा, शासकीय मोजणी करून घ्यावी आणि वाट नकाशावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, हे पाहावे. गावठाणातील घर किंवा रीतसर अकृषिक झालेला भूखंड थोडा महाग पडेल, पण आपल्या वयाला तोच परवडतो.

आता शरीराचे वेळापत्रक. नागपूरकडचा मे महिना म्हणजे ४५ अंशांच्या आसपासचा पारा. त्या दिवसांत पत्र्याच्या छपराखाली राहण्याचा हट्ट ज्येष्ठांनी करू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी आणि क्षार लवकर घटतात. उन्हाळ्याआधी मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलावे, स्वतः गोळी बंद करू नये. न उघडलेले इन्सुलिन शीतकपाटातच ठेवावे लागते. खेड्यात वीज किती तास जाते, हा प्रश्न मधुमेही माणसाने जमिनीच्या भावाआधी विचारावा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालावेत, परतल्यावर स्नान करून कपडे धुवावेत. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसचे अनेक रुग्ण आढळले होते. गवतातील अतिसूक्ष्म कीटकांच्या चाव्याने हा आजार होतो आणि वेळीच ओळखला तर औषधाने बरा होतो. म्हणून तापात डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, "मी गवतात वावरलो होतो." नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे विषारी सर्पही याच भूमीचे रहिवासी आहेत. खाटेवर मच्छरदाणी लावून निजावे, रात्री बॅटरीवाचून पाऊल टाकू नये आणि सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्या मुलांना आणि सुनांना एक वेगळे सांगणे आहे. वडिलांना विसरणे सुरू झाले असेल, तर सततचा स्थानबदल त्यांना गोंधळात टाकतो. मुक्कामाच्या घरी पलंग, दिवा आणि शौचालय यांच्या जागा शहरातल्या घरासारख्याच ठेवाव्यात. बसण्याचे कमोड, धरायला दांडी आणि रात्रभर मंद दिवा एवढे झाले तरी निम्मी चिंता सरते. आणि त्यांच्या हौसेला "या वयात कशाला?" असे उत्तर देऊ नये. हिंडण्याची इच्छा हेही प्रकृतीचेच लक्षण आहे.

शहरातले घर विकून मात्र जमीन घेऊ नये. दवाखान्याच्या खर्चासाठी शेतजमीन चार दिवसांत विकली जात नाही. त्याहून बरे म्हणजे प्रथम वर्षभर गावठाणात दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात. फिरणारा माणूस पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी थांबतो, ही आपली चातुर्मासाची जुनी रीत आहे. पहिला चातुर्मास त्या गावात काढावा. किराणा दुकानदार, आशा सेविका, पोस्टमन आणि शेजारचे घर यांची ओळख तेवढ्यात होते. किल्ली कोणाकडे ठेवायची आणि आपण नसताना आवारातले गवत कोण काढणार, याची उत्तरे मिळाली की मग जमिनीची गोष्ट काढावी.

दादा-वहिनींनी ती जमीन विकली नाही. त्याच ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याला बटईने दिली आणि स्वतः गावात, त्याच्या घरासमोर, दोन खोल्या घेतल्या. यंदाही दिवाळीनंतर ते प्रवासाला निघाले आहेत. जाताना वहिनींनी किल्ली समोरच्या घरातील सुनेच्या हाती दिली आणि परतण्याची तारीख तिच्या दिनदर्शिकेवर स्वतः लिहून ठेवली.