अनंताला पाणी

आजीच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली, निळ्या अंतर्देशीय पत्रांचा एक गठ्ठा आहे. आजोबा नौदलात खलाशी होते. ही पत्रे १९७१ सालची. युद्धातली पत्रे म्हणून मी ती मोठ्या उत्सुकतेने उलगडली. पण त्यांत तोफ नाही, शत्रू नाही, समुद्रसुद्धा नाही! बोट कोठे आहे, कोठे जाणार, हे लिहायची मनाई. पत्ता म्हणून बोटीचे नाव आणि मुंबईचे फ्लीट मेल ऑफिस. बाकी सारे 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम', आणि मग भात झोडून झाले का, गाय व्याली का.

आजीचे नाव एकाही पत्रात नाही. वडिलांच्या नावे येणाऱ्या पत्रात बायकोला लिहायचे तरी कसे? त्यातून तिला अक्षरओळख नव्हती. पत्र वाचायचे ते शाळेतले गुरुजी, ओटीवर बसून, साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात. मात्र प्रत्येक पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे : 'परसातल्या अनंताला पाणी घालीत जावे.' तो अनंत आजीने लावलेला. माजघराच्या दाराआड उभी राहून ती तेवढ्यासाठी सारे पत्र ऐकत असे. आम्ही वर्गात प्रेमकवितेवर एवढी चर्चा करतो. असे एक वाक्य काही आमच्या हाती लागलेले नाही.

३ डिसेंबरला युद्ध पेटले आणि पत्रे थांबली. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला बोट सोडून गेले नाहीत. आजोबांची बोट वेगळी होती, हे पत्त्यावरून घरात सर्वांना ठाऊक होते. "पण समुद्र एकच ना रे," आजी म्हणते.

पुढे पत्र आले. गुरुजींनी वाचले. क्षेम, भात, अनंत. त्याखाली एक नवी ओळ होती : 'पलीकडच्या वाडीत एकदा जाऊन यावे.' बस्स, एवढेच. त्या वाडीतला त्यांचा सोबती 'खुकरी'वर होता.

आजी सासूबरोबर गेली. तिथे तार येऊन गेली होती. आणि तारेमागून, त्याने आधीच टपालात टाकलेले एक निळे पत्रही. ते कोनाड्यात न फोडता ठेवले होते. त्या घरीही वाचता येणारे कोणी नव्हते. गुरुजींना बोलावणे गेले होते. ते आलेही होते. पण वहाणा काढून पायरीवरच बसून राहिले होते.